ऱ्हाइनकाठचं बाखाराख: आईबाबांना घेऊन मुक्काम करावा, की बोटीतून बघून पुढे जावं?

शाल्मली_माइनकाठ

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी आईबाबा सांगलीहून आमच्याकडे फ्रँकफर्टला येत आहेत. मोठी शहरं दाखवायची आहेतच, पण दोघंही गर्दीत लवकर दमतात. म्हणून एखादं लहान, जुनं, नदीकाठचं गाव निवांत बघायचं आहे. माझ्या मनात बाखाराख भरलंय. माइन्झच्या पुढे ऱ्हाइनच्या डाव्या तीरावरचं, जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव. तटबंदी अजून उभी, १३६८ सालचं लाकडी सांगाड्याचं घर, डोक्यावर किल्ला आणि आजूबाजूला द्राक्षांचे मळे.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं आहे. रूडेसहाइमला बोटीत बसायचं, सांक्ट गोआरला उतरायचं, वाटेत सगळे किल्ले डेकवरून दिसतात, बाखाराखही दिसेल आणि रात्री जेवायला घरी. मला हे पटत नाही. दोन तीरांमधून बोट जाते तेव्हा गावाचा फक्त दर्शनी भाग दिसतो.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. नदी दिसली की पातळी किती, वेग किती, गाळ कुठे बसतो, हे त्यांना कळायलाच हवं असतं. आईचे गुडघे दुखतात, ती पूर्ण शाकाहारी आहे, आणि जुन्या वास्तू बघताना ती तहानभूक विसरते. तर मुक्काम करावा का? आणि केलाच तर गावात कुठल्या बाजूला?

पाऊलवाट

मुक्काम करा, अगदी डोळे मिटून करा. दिवसभराचे पाहुणे बोटींनी आणि बसने येतात आणि संध्याकाळी निघून जातात. नंतर ओबरश्ट्रासे, म्हणजे गावाचा मुख्य रस्ता, गावकऱ्यांचा होतो. अंगणात पाणी घालणारे, दारात उभं राहून बोलणारे लोक दिसतात. तुमच्या आईला तेच आवडेल.

बघण्यासारखं सगळं दहा मिनिटांच्या परिघात आहे. आल्टेस हाउस (तुम्ही म्हणता ते १३६८ चं घर), त्याच्या जवळच सांक्ट पीटरचं चर्च, ओढ्याच्या कडेने आत गेलं की चित्रकारांचा आवडता कोपरा, मालरविंकेल. तिथून मळ्यातून चढत गेलं की पोस्टेनटुर्म हा बुरूज लागतो. त्याच्यावर चढता येतं. खाली पाटीच्या दगडाची काळसर छपरं, पलीकडे नदी, असं सगळं गाव एका नजरेत मावतं.

आता गुडघ्यांचं. खालचं गाव सपाट आहे, फक्त फरसबंदी उंचसखल. चर्चच्या बाजूने वर वेर्नर चॅपलकडे आणि तिथून श्टालेक किल्ल्यावर जाणाऱ्या पायऱ्या मात्र खऱ्याखुऱ्या चढाच्या आहेत. आईंना त्यावरून नेऊ नका. किल्ल्यावर मागून गाडीरस्ता आहे, टॅक्सी करा. किल्ल्यात यूथ हॉस्टेल आहे, पण अंगणात कुणालाही जाता येतं आणि कठड्यावरून दिसणारं वळण विसरता येत नाही.

मोझेलवासी

मी इथे विरोधी सूर लावणार. बाखाराख सुंदर आहे, पण त्याच्यात आणि नदीत काय आहे ते कुणी सांगितलेलं नाही. आधी रेल्वेचे रूळ, मग बी-९ हा हमरस्ता, मग बाग, मग पाणी. "नदीकाठचं गाव" म्हणून जाल आणि खिडकीतून मालगाडी दिसेल.

त्यापेक्षा मोझेलवरचं कोखेम बघा. गाव थेट पाण्याला लागून, पूल आहे, त्यामुळे दोन्ही तीरांवर फिरता येतं, आणि रेल्वे कोखेमच्या वरच्या अंगाला डोंगरात शिरते. तो कैसर विल्हेल्म बोगदा चार किलोमीटरहून लांब आहे, म्हणून नदीची पुढची मोठी वळणं शांत राहिली. बाबांसाठी तर मोझेलच हवी. १९६४ मध्ये ती पूर्ण बंधारे घालून जहाजांसाठी तयार झाली, जागोजाग जलपाश आहेत. बोट आत येते, दार बंद होतं, पाणी चढतं, हे काठावर उभं राहून बघता येतं. ऱ्हाइनवर त्या भागात एकही बंधारा नाही.

रेल्वेवेडा

मालगाडी दिसेल हे संकट म्हणून सांगितलंत, माझ्यासाठी ते आमंत्रण आहे :) डाव्या तीरावरचा हा मार्ग १८५९ मध्ये सुरू झाला. आजही रॉटरडॅम, अँटवर्पकडून दक्षिणेला इटलीपर्यंत जाणारा माल याच खोऱ्यातून जातो, दोन्ही तीरांवरून. बाखाराखच्या तटबंदीवरून चालताना एका हाताला जुनी घरं आणि दुसऱ्या हाताला अगदी जवळून जाणारी गाडी, असं दृश्य फार कमी ठिकाणी मिळेल.

पण झोपेच्या बाबतीत मोझेलवासींचं खरं आहे. डिसेंबर २०२० पासून जुन्या, कर्कश ब्रेकच्या वाघिणींवर जर्मनीत बंदी आली आणि आवाज जाणवण्याइतका कमी झाला. तरीही गाड्या रात्रभर चालतात. त्यामुळे खोली नदीच्या बाजूची घेऊ नका, श्टेगच्या दरीकडची घ्या. ओढ्याच्या कडेने गाव आत गेलं आहे, तिथे तटबंदी आणि घरांच्या रांगा मध्ये येतात.

यायला सोपं आहे. माइन्झहून कोब्लेन्झकडे जाणारी आरबी-२६ बाखाराखला थांबते, पाऊण तासाच्या आत पोचता. जलद गाड्या थांबत नाहीत. तुमच्याकडे डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्यांना चालणारा मासिक पास, असेलच. आईबाबा महिनाभर राहणार असतील तर त्यांनाही तेच काढा, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे. फक्त ते वर्गणीच्या पद्धतीचं असतं, त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करायला विसरू नका.

चिंचगूळ

शाकाहाराचं मी सांगते. माझ्या सासूबाईंना घेऊन त्या पट्ट्यात फिरलेय.

फ्लामकुखेन, पातळ पिझ्झासारखा, सगळीकडे मिळतो, पण मूळ पदार्थात डुकराचं मांस असतं. "ओहने श्पेक" (श्पेक, म्हणजे ते मांस, नको) असं स्पष्ट म्हणा, बहुतेक ठिकाणी भाज्या किंवा बकरीच्या चीजचा प्रकारही असतो. केझेश्पेत्झले, म्हणजे चीजमध्ये घोळलेल्या जाड शेवया, पोटभरीचं. बटाट्याची थालीपिठं, म्हणजे कार्टोफेलपुफर, सफरचंदाच्या गोड मुरंब्यासोबत. सासूबाईंनी त्यावर पिशवीतली शेंगदाण्याची चटणी घेतली आणि शेजारच्या टेबलावरच्या आजींनाही दिली. त्या दोघी कुठल्या भाषेत बोलल्या मला माहीत नाही, पण बराच वेळ बोलल्या.

सप्टेंबरअखेर असेल तर फेडरवाइसर मिळेल, अर्धवट आंबलेला ताजा द्राक्षरस. त्याच्यासोबत त्स्वीबेलकुखेन देतात, कांद्याचा. त्यातही बहुधा श्पेक असतो, विचारा. सूपमध्ये हाडांचा रस्सा आहे का हेही विचारा, मेनूवर लिहिलेलं नसतं.

आणि एक महत्त्वाचं. लहान गावात आठवड्यातला एखादा दिवस खाणावळ बंद असते आणि स्वयंपाकघर रात्री लवकर आवरतात. सोमवार-मंगळवार टाळा किंवा आधी फोन करा.

गोदाकाठ

दिंडोरीचा द्राक्षवाला बोलतोय. वाइनसाठी नाही, द्राक्षासाठी मी तिथे गेलो होतो, आणि मुक्काम केला म्हणूनच मला बाग कळली.

आपल्याकडे सपाट रान, मांडव किंवा इंग्रजी वायच्या आकाराचा आधार, वर्षाला दोन छाटण्या: एप्रिलात खरड, ऑक्टोबरात गोडी. तिथे वेल हिवाळ्यात खरंच झोपतो. पानं गळतात, थंडीतच छाटणी होते, एकच. काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, आपण गोडी छाटणीच्या घाईत असतो तेव्हा.

पण खरी गोष्ट उताराची आहे. उभ्या चढावर पाटीच्या दगडाचे तुकडे पसरलेले, माती जवळजवळ दिसत नाही. मला वाटलं होतं यात वेल जगेल कसा. तिथल्या बागायतदाराने हातात एक तुकडा दिला. ऊन उतरल्यावरही तो कोमट होता. दिवसभर दगड ऊन पितो आणि रात्री वेलीला देतो. वेलीची मुळं खडकाच्या भेगांत खोल जातात. इतक्या उत्तरेला रिसलिंग हे वाइनचं द्राक्ष पिकतं ते या उतारामुळे आणि दगडामुळे. ट्रॅक्टर चालत नाही, बरंचसं काम हाताने. काही ठिकाणी दात्यांच्या एकाच रुळावर चढणारी छोटी गाडी असते, तिच्यातून माणूस आणि माल वर जातो.

आणि म्हणूनच माणसं सोडून जातात. मिटेलऱ्हाइन हा अख्खा वाइनचा विभाग आज पाचशे हेक्टरांच्याही आत आहे. बोटीतून वर बघाल तर दगडी बांधांच्या जुन्या टप्प्यांवर झुडपं माजलेली दिसतील. ती एके काळी बाग होती. शाल्मलीताई, बाबांना हे दाखवा. मजुरी परवडत नाही म्हणून पडलेलं रान त्यांना सांगायला नको, ते बघूनच ओळखतील.

शाल्मली_माइनकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार! गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी लगेच दोन प्रश्न धाडलेत. एक, बंधारा नाही तर उन्हाळ्यात जहाजं चालतात कशी? दोन, इतक्या लहान गावाला एवढी मोठी तटबंदी बांधायला पैसा कुठून आला?

मोझेलवासी, कोखेमचं लक्षात ठेवते, पण मन बाखाराखवरच आहे.

जुनी_वही

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, पैसा वाइनमधून आणि जकातीतून आला.

बाखाराखच्या वर बिंगेनजवळ नदीच्या पात्रात गारगोटीच्या कठीण खडकाची आडवी रांग होती, बिंगर लोख म्हणतात. मोठी जहाजं तिथून वर जाऊ शकत नसत. वरच्या प्रदेशातली वाइन लहान होड्यांतून खडक ओलांडून यायची आणि बाखाराखच्या धक्क्यावर पिंपं मोठ्या जहाजांत चढवली जायची. तिथून कोलोन आणि पुढे समुद्रापर्यंत. त्यामुळे कुठल्याही गावच्या द्राक्षांची वाइन बाजारात बाखाराखची म्हणूनच ओळखली जायची. तटबंदीतला क्रानटोर, यारीचा दरवाजा, त्या व्यवहाराची आठवण आहे.

शिवाय इथे पॅलेटिनेट या ऱ्हाइनकाठच्या जुन्या संस्थानाच्या घराण्याची जकात. खाली काउबला नदीच्या मधोमध फाल्झग्राफेनश्टाइन ठाणं आहे. बवेरियाच्या लुडविगने १३२७ च्या सुमारास ते जकातीसाठीच उभारलं. तिथे राजवाडा कधीच नव्हता. नदीतल्या जकाती १९व्या शतकापर्यंत चालल्या, १८६८ च्या मानहाइम करारानंतर ऱ्हाइन खऱ्या अर्थाने मोकळी झाली.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुक्कामाच्या बाजूने आहे ती. चर्चच्या वर लालसर दगडाचा, छप्पर नसलेला एक गॉथिक सांगाडा आहे. वेर्नर चॅपल. प्रत्येक पर्यटक त्याचा फोटो काढतो, कारण ते अवशेष अतिशय देखणे आहेत. बोटीच्या ध्वनिवर्धकावर "रोमँटिक अवशेष" एवढंच ऐकू येतं. पण ते बांधलं गेलं कशामुळे? १२८७ मध्ये ओबरवेझेलला काम करणारा वेर्नर नावाचा मुलगा बाखाराखजवळ मेलेला सापडला. ज्यूंनी धार्मिक विधीसाठी त्याला मारलं अशी अफवा उठली. ती धादांत खोटी होती. राजा रुडॉल्फने ज्यूंना निर्दोष मानून मारेकऱ्यांना दंड केला. पण तोवर मधल्या ऱ्हाइनच्या गावागावांत ज्यूंची कत्तल होऊन गेली होती. तरीही लोकांनी वेर्नरला संत केलं, १२८९ पासून त्याच्या नावाने हे चॅपल उभं राहू लागलं, यात्रा भरू लागल्या. चर्चच्या दिनदर्शिकेतून त्याचं नाव निघायला १९६३ उजाडलं.

आज तिथे फलक आहे, पोप तेविसाव्या जॉनच्या नावाने ओळखली जाणारी क्षमेची प्रार्थना त्यावर आहे. डसेलडॉर्फच्या ज्यू कुटुंबात जन्मलेल्या हाइन या जर्मन कवीने याच गावातल्या रब्बीची कथा लिहायला घेतली. १८४० मध्ये ती अपूर्णच छापली. तिची सुरुवातच या आरोपाच्या भीतीने होते. त्या पायऱ्यांवर थांबून हे वाचायला वेळ लागतो. बोट तेवढा वेळ थांबत नाही.

सुट्टीचा_दिवस

जुनी_वही, माहिती मोलाची आहे, पण वयस्क आईवडील हौसेने परदेशी येतायत, त्यांना कत्तलीच्या कथा कशाला? थोडं हलकं राहू द्या की. लोरेलायची गोष्ट सांगा, सोनेरी केस विंचरणारी, तिच्या गाण्याने नावाडी बुडायचे.

जुनी_वही

सुट्टीचा_दिवस, लोरेलाय जरूर सांगा. तीही बाखाराखचीच. लोकांना ती प्राचीन दंतकथा वाटते, पण क्लेमेन्स ब्रेन्टानोने १८०१ मध्ये तिला आपल्या कवितेत घडवलं आणि ती बाखाराखला राहणारी मुलगी होती. १८२४ मध्ये हाइनने तिला सांक्ट गोआरजवळच्या लोरेलाय नावाच्याच खडकावर बसवून अजरामर केलं. म्हणजे त्या गाण्याच्या मुळाशीही तोच ज्यू कवी आहे.

कत्तलीचं मात्र मी टाळणार नाही. ज्यांना जुन्या वास्तू आवडतात त्यांना ती वास्तू कुणाच्या रक्तावर उभी राहिली हे समजण्याचा हक्क आहे. आपले आईवडील तेवढे खंबीर असतात.

नलिनी_गोरेगाव

मी पासष्टीची आहे. मुलीने मला त्या चॅपलपाशी नेलं आणि सगळं नीट सांगितलं. माझी सहल बिघडली नाही. उलट नंतर गावातलं प्रत्येक घर मी जास्त लक्ष देऊन बघितलं. सांगा आईंना.

पाऊलवाट

+१ नलिनीताई.

आणि त्या चॅपलचं छप्पर का नाही तेही सांगून टाकतो. १६८९ मध्ये पॅलेटिनेटच्या वारसायुद्धात फ्रेंचांनी वरचा श्टालेक किल्ला सुरुंग लावून उडवला, त्याचे दगड खाली या इमारतीवर कोसळले. आज दिसतो तो किल्ला १९२५ नंतर पुन्हा उभारलेला आहे.

मोझेलवासी

म्हणजे किल्लाही शंभर वर्षांचाच!

पाऊलवाट

आणि कोखेमचा राइक्सबुर्ग १८६८ ते १८७७ मध्ये बर्लिनच्या व्यापाऱ्याने बांधून घेतलेला :) या खोऱ्यात फ्रेंचांनी फार थोडं शिल्लक ठेवलं. अस्सल, कधी न पडलेला किल्ला बघायचा तर ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग. पण तिथे चढ आहे आणि आतल्या पायऱ्या घोड्यांसाठी खडकातच खोदलेल्या आहेत, शाल्मलीच्या आईंना नको.

मला स्वतःला पुन्हा उभारलेल्या किल्ल्याचं वावडं नाही. श्टालेकच्या खंदकात पाणी आहे, अंगणात शाळेची पोरं चेंडू खेळतात. भिंती वापरात आहेत ही चांगलीच गोष्ट.

कृष्णातीर

शाल्मलीच्या बाबांच्या पहिल्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. मीही पाण्याच्या खात्यातला, हल्ली मुलाकडे कार्ल्सरूहला असतो, म्हणून लिहितो.

ऱ्हाइनवर शेवटचा बंधारा इफेझहाइमला. तिथून समुद्रापर्यंत नदी मोकळी वाहते. मग उन्हाळ्यात जहाजात माल किती भरायचा हे ठरतं बाखाराखच्या खाली तीन-साडेतीन किलोमीटरवर, काउबच्या पातळीमापकावर. सांगलीत पावसाळ्यात प्रत्येकाच्या तोंडी आयर्विन पुलाची पातळी असते, तसं इथल्या जहाजवाल्यांच्या तोंडी "पेगेल काउब" असतं. फरक एवढाच की आपण पाणी वाढतंय का बघतो, हे बहुधा उतरतंय का बघतात. कारण हा या मार्गातला सर्वांत उथळ भागांपैकी एक. इथून जेवढं भरून जाता येईल तेवढंच भरायचं, मग खाली-वर कितीही पाणी असो.

ऑक्टोबर २०१८ मध्ये हा आकडा २५ सेंटिमीटरवर आला होता, तो नीचांक. ऑगस्ट २०२२ मध्येही पुन्हा तिशीच्या घरात उतरला. बाबांना सांगा, २५ म्हणजे पात्रात २५ सेंटिमीटर पाणी असा अर्थ नाही. मापकाचा शून्य तळाच्या बराच वर आहे, वाहतुकीच्या पट्ट्यात तेव्हाही मीटरभराहून जास्त खोली होती. तरी जहाजं अर्ध्याहून कमी भरून न्यावी लागली आणि वरच्या अंगाच्या रसायन कारखान्यांना उत्पादन आवरावं लागलं. आता माइन्झ ते सांक्ट गोआर पट्ट्यातली हमीची खोली १.९० वरून २.१० मीटर करायचा सरकारी प्रकल्प आहे. पर्यावरणवाल्यांचा आक्षेप आहे, आणि माझ्या मते तो ऐकण्यासारखा आहे. खडक काढला की पाणी फक्त खोल होत नाही, वेगाने निघूनही जातं.

बिंगर लोखचंही तसंच. १८३०-३२ मध्ये प्रशियाने सुरुंग लावून फट रुंद केली, पुढे १९६६ ते ७४ मध्ये उरलेला अडसर काढला. म्हणूनच बिंगेनच्या माउसटुर्म या नदीतल्या मनोऱ्यावरून जहाजांना इशारे देण्याची गरज १९७४ ला संपली. ओबरवेझेल ते सांक्ट गोआर मात्र आजही दिव्यांचे इशारे आहेत. समोरून खाली येणारं जहाज वळणामुळे दिसत नाही, म्हणून वर जाणाऱ्याला तीरावरच्या दिव्यांच्या पट्ट्या सांगतात. जानेवारी २०११ मध्ये लोरेलायजवळ वाल्डहोफ नावाचं सल्फ्युरिक आम्ल नेणारं जहाज उलटलं आणि वाहतूक कित्येक दिवस खोळंबली. एवढी ती जागा अजून अवघड आहे.

काठावर मोठ्या पांढऱ्या फलकांवर आकडे दिसतील. कॉन्स्टान्सच्या पुलापासून मोजलेले किलोमीटर. बाखाराख साधारण ५४३. बाबांना एक बाक, एक वही आणि दुपारची दोन तासांची मोकळीक द्या. पंतप्रधान आले तरी ते उठणार नाहीत.

शाल्मली_माइनकाठ

कृष्णातीर काका, बाबा म्हणाले, "हे गृहस्थ कोण, यांना भेटायला पाहिजे."

कृष्णातीर

कार्ल्सरूहला या. ऱ्हाइन इथेही आहे. तुल्ला या अभियंत्याने सरळ केलेली.

सुट्टीचा_दिवस

काउबचं बेटावरचं ठाणं बघायचं तर पलीकडे जायला पूल कुठे आहे?

रेल्वेवेडा

पूल नाहीच. माइन्झ आणि कोब्लेन्झच्या मध्ये सुमारे ८० किलोमीटर एकही पूल नाही, सगळी ये-जा फेरीबोटींवर. बाखाराखहून नदीकाठाने सपाट वाटेवर चालत किंवा एक टॅक्सी करून काउबच्या फेरीपर्यंत जायचं, गाड्यांसोबत पायी माणसांनाही घेतात. ठाण्यावर जायला काउबहून वेगळी छोटी होडी. उघडण्याच्या वेळा आणि पाण्याची पातळी आधी बघा. पूर असला तर होडी बंद.

मोझेलवासी

आणि हीच तर शोकांतिका आहे. सांक्ट गोआरजवळ पूल बांधायचा वाद कित्येक वर्षं चाललाय. पलीकडच्या गावातल्या माणसाला रात्री दवाखान्यात जायचं तर फेरी संपलेली असते. दृश्य बिघडतं म्हणून पूल नको म्हणणारे तिथे राहत नाहीत.

जुनी_वही

दृश्य एवढंच कारण नाही. २००२ पासून बिंगेन-रूडेसहाइम ते कोब्लेन्झ हा ६५ किलोमीटरचा पट्टा जागतिक वारसा आहे. ड्रेस्डेनने एल्बे नदीवर पूल बांधायला घेतला आणि २००९ मध्ये तो दर्जा गमावला. इथली भीती खरी आहे.

मोझेलवासी

दर्जा माणसांपेक्षा मोठा?

कृष्णातीर

पूल देखणा आणि योग्य जागी असेल तर दोन्ही साधता येतं, आणि रात्रभर चालणारी फेरी हाही मार्ग आहेच. पण तो वेगळा धागा काढा, इथे पोरीला सहल आखायची आहे.

चिंचगूळ

:) काकांना अनुमोदन. आणि हो, बाखाराखमध्ये रिसलिंगचं आइस्क्रीम मिळतं, ते राहिलंच सांगायचं.

नवा_पक्षी

दोन हजार वस्ती असेल तर हॉटेलं पुरतात का? आणि २०२९ ला तिथे मोठं उद्यान प्रदर्शन आहे ना?

पाऊलवाट

हो, २०२९ ची राष्ट्रीय बुंडेसगार्टेनशाउ याच खोऱ्यात भरणार आहे. म्हणून ठिकठिकाणी काठाची कामं काढलीत. थोडी खोदाखोद दिसेल, पण गावाच्या आत काही अडत नाही. सप्टेंबरचे शनिवार-रविवार वाइनच्या मंडळींनी भरतात, खोली आत्ताच धरा. जुन्या घरांतल्या हॉटेलांना बहुधा लिफ्ट नसते. आईंसाठी तळमजला किंवा पहिला मजला मागून घ्या, हे फोनवर बोलूनच ठरवा.

शाल्मली_माइनकाठ

ठरलं! बुधवार ते शुक्रवार. रेल्वेने जायचं, श्टेगच्या बाजूला खोली (पहिला मजला, फोन करून नक्की केलं). पहिल्या संध्याकाळी आईबरोबर फक्त ओबरश्ट्रासे आणि सांक्ट पीटर. दुसऱ्या सकाळी टॅक्सीने किल्ला, उतरताना आई टॅक्सीतच, मी आणि नवरा पायऱ्यांनी. चॅपलपाशी आईला खालच्या चर्चच्या बाजूने जेवढं जवळ नेता येईल तेवढं नेणार आणि वेर्नरची सगळी हकीकत सांगणार. नलिनीताई, तुमच्यामुळे माझा धीर वाढला. दुपारी बाबा आणि त्यांचा बाक. तिसऱ्या दिवशी बोट, बाखाराख ते सांक्ट गोआर, म्हणजे काउबचं ठाणं आणि लोरेलाय दोन्ही पाण्यावरून दिसतील. नवऱ्याची बोटही झाली.

गोदाकाठ, जिथे दगडाचा तुकडा हातात दिला ती बाग कुठल्या बाजूला होती? बाबांना तीच बघायची आहे.

गोदाकाठ

पोस्टेनटुर्मच्या वाटेवर. सपाट नाही, पण बाबा चढत असतील तर बुरजाच्या थोडं अलीकडे थांबा, दोन्ही बाजूंना वेलच आहेत. काढणी चालू असेल, मजुरांच्या वाटेत उभं राहू नका आणि घड तोडू नका. कुणी मोकळं दिसलं तर विचारा, नाशिककडचे म्हटलं तर बोलतात. त्यांनाही आपल्या दोन छाटण्यांचं फार कुतूहल असतं.

रेल्वेवेडा

बोटीचं एक. नियमित सेवा वसंत ते ऑक्टोबर असते आणि सप्टेंबरअखेर फेऱ्या कमी होतात, त्या आठवड्याचं वेळापत्रक बघूनच ठरवा. तुम्ही प्रवाहाबरोबर जाताय ते उत्तम, उलट दिशेला जवळजवळ दीडपट वेळ लागतो. सांक्ट गोआरहून परत यायला तीच आरबी-२६.

नलिनी_गोरेगाव

धक्क्यावरून बोटीत चढायला पायऱ्या असतात का? माझ्या बहिणीलाही गुडघ्यांचा त्रास आहे, ती पुढच्या वर्षी जाणार आहे.

कृष्णातीर

तरंगता धक्का असतो, त्यावर उतरणारा लोखंडी पूल. पाणी जितकं खाली तितका तो उतार तीव्र. आदल्या दिवशी एल्विस या सरकारी संकेतस्थळावर काउबची पातळी बघा. दीड-दोन मीटर असेल तर आरामात जाता येतं. मीटरच्या खाली गेली असेल तर कर्मचाऱ्यांना आधी सांगा, ते हात द्यायला येतात, आणि बहिणीला काठी घेऊनच पाठवा.